वैजू, डोंगर हलला त्या दिवशी

वैजू,

तू गेल्याचा फोन मुक्तानं केला. माझ्या मुलीनं, पुण्याहून. ती रडत होती आणि मी फुजैरातल्या माझ्या स्वयंपाकघरात रिसीव्हर कानाला लावून उभी होते. मी विचारलं, "तू होतीस तिथे?" ती म्हणाली, "हो आई, मीच होते. शेवटचं पाणी मीच पाजलं मावशीला." आणि वैजू, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला आधी वाईट वाटलं नाही. आधी पोटात ती जुनी, ओळखीची कळ आली. माझ्या पोरीच्या हातचं पाणी. तेही माझ्या आधी तुलाच.

मग वाईट वाटलं. इतकं वाटलं की गॅसवरचा भात करपून त्याचा कोळसा झाला तरी मला वास आला नाही. पण क्रम हाच होता, आधी कळ आणि मग दुःख. तू असतीस तर हसली असतीस. "शुभे, तू मरणातबी नंबर लावशील," म्हणाली असतीस.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असं सगळे मलाच सांगतायत. "शुभांगीताई, तुम्ही तर त्यांच्या सगळ्यात जवळच्या." जवळची होते, यात शंका नाही. तुझा हेवा करायला मला कधी लांब जावं लागलं नाही, एक जिना उतरला की तुझं दार.

तू इथे आलीस तेव्हा फुजैरात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझा नवरा श्रीकांत तेलाच्या टाक्यांच्या टर्मिनलवर होता, आणि मी डोंबिवलीतली बँकेची नोकरी सोडून इथे घर सांभाळत होते. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी सगळंच करत होते. गणपती माझ्याकडे, हळदीकुंकू माझ्याकडे, नवीन कुणी आलं की पहिलं जेवण माझ्याकडे. बंदराच्या आणि खडीच्या कामावरची आपली कोकणातली पोरंसुद्धा शुक्रवारी सुट्टीची माझ्याकडे यायची, उकडीचे मोदक खाऊन डोळे पुसायची. मला ते आवडायचं. त्या लहानशा गावात मी कुणीतरी होते.

आणि मग तू आलीस. औसा तालुक्यातली, इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवायला. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. पहिल्याच गणपतीत तू विचारलंस, "हितं ज्वारी मिळतीय का?" आणि कुठल्या तरी बकाल्यातल्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानातल्या, मल्याळी माणसाला पटवून पीठ मिळवलंस. आरती झाल्यावर माझ्या ओट्यावर, माझ्या परातीत, तू भाकऱ्या थापायला बसलीस. सोबत शेंगदाण्याची चटणी. माझे मोदक ताटात तसेच आणि पोरं तुझ्या भोवती. "वैजाताई, अजून एक." मी तूप वाढत राहिले. वाढता वाढता मनात म्हणाले, ही बाई काही साधी नाही.

तू "काय करलालीस?" असं म्हणायचीस तेव्हा मी तुझी नक्कल करायचे. सगळे हसायचे. तू सगळ्यात जास्त हसायचीस, आणि माझी नक्कल तिथेच फुकट जायची. तुला चिमटा काढण्याची सोयच नव्हती गं.

त्यानंतरच्या वर्षी गणपती बुडवल्याच्या दुसऱ्याच दिवशी रेडिओवर बातमी आली. किल्लारी, लातूर, उस्मानाबाद. तुझ्याकडे तेव्हा अजून फोन आला नव्हता. तू माझ्याकडे येऊन सोफ्याच्या कडेला बसलीस आणि दिवसभर एकच नंबर फिरवत राहिलीस. लाइन लागत नव्हती. मी चहा ठेवायचे, तो गार व्हायचा, परत ठेवायचे. संध्याकाळी तुझ्या भावाचा फोन लागला. तो कॉलेजसाठी लातुरात होता म्हणून वाचला होता. तू फक्त "बरं" म्हणालीस. परत "बरं." मग रिसीव्हर नीट जागेवर ठेवून मला म्हणालीस, "आई माळवदाखाली गेली."

मला माळवद म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तू त्याच आवाजात, वर्गात सांगावं तसं सांगितलंस. दगडाच्या भिंती, मधे नुसता चिखल. वर लाकडं, लाकडांवर हातभर माती. उन्हाळ्यात गार राहतं. दरवर्षी वर नवी माती घालतात, म्हणजे दरवर्षी छत जड होत जातं. "आईनं यंदाबी घातली होती," तू म्हणालीस.

गावाला जाऊन तू परत आलीस ती बदलूनच. रडणं नाही, काही नाही. घरातल्या पलंगांच्या वर टांगलेल्या तसबिरी काढल्यास, कपाटं स्क्रूनं भिंतीला आवळलीस. मग सगळ्यांच्या घरी जाऊन तेच सांगायला लागलीस. माझ्याकडे आलीस आणि माझ्या काचेच्या शोकेसकडे बघत म्हणालीस, "शुभे, हे भिंतीला बांधून घे."

मी म्हणाले, "अगं, हे काय लातूर आहे का?"

"लातूरबी लातूर नव्हतं गं, आदल्या दिवसापर्यंत."

मी शोकेस बांधून घेतलं. तुझ्याकडे एक दुःख होतं आणि त्या दुःखापुढे कुणाचंच काही चालायचं नाही. माझ्या घरात भजनाला जमलेल्या बायका तुझ्याकडे बघून आवाज खाली आणायच्या. तुझी आई गेली होती आणि मला तुझ्या त्या वजनाचा हेवा वाटत होता. हे वाचून बायका मला काय म्हणतील ते म्हणोत. तुला माहीत होतं. तुला माझं सगळं माहीत होतं, तरी तू रोज जिना चढून यायचीस.

मग मुक्ता. तुला दोन मुलगे होते, दोन्ही हुशार, तुझ्यासारख्याच रुंद कपाळाचे. तरी माझी एकुलती एक मुलगी तुला लागली. किंवा तिला तू लागलीस. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "जेवतेस का गं?" "नॉट नाऊ, आई." "कुठे चाललीस?" "डाउनस्टेअर्स." डाउनस्टेअर्स म्हणजे तुझ्याकडे. आणि तुझ्या दारातून आत गेली की तिच्या तोंडून जे मराठी बाहेर पडायचं! मी एकदा डबा द्यायला खाली आले तर ती तुला सांगत होती, "मावशी, आज मला लई कंटाळा आला बगा." लई! बगा! डोंबिवलीच्या माझ्या पोरीच्या तोंडी! मी डबा दारातच ठेवून वर आले.

एकदा तू वर येऊन माझ्या डायनिंग टेबलावर तिचा अभ्यास घेत होतीस. माझी फुलदाणी बाजूला केलीस, टेबलक्लॉथ सपाट केलास.

"हा कपडा म्हणजे अरबस्तान. तू पलीकडून दाबून धर, तू इराण. आता मी ढकलते."

कापड दुमडलं, मधे उंच चुणी आली.

"ही चुणी म्हणजे डोंगर. आता बघ, मी ढकलायचं थांबले नाही. आपण हितं चहा पिऊलालो तरी खाली ढकलणं चालूच आहे. वर्षाला नखाएवढं. आणि हे आपल्या फुजैराचे डोंगर, ह्यांच्यातबी जुन्या भेगा आहेत. कधी कधी जोर तिथं अडकून बसतो."

"मग एक दिवस सटकणार ना, मावशी?"

"सटकणार."

"कधी?"

तू ती चुणी बोटानं दाबत राहिलीस. मुक्तानं पुढे काही विचारलं नाही, तुझ्या मनगटावर बोट ठेवून बसून राहिली. तेरा-चौदा वर्षांची पोर, तिला कुणी शिकवलं होतं हे? मी तर नाही. मी म्हणाले, "चहा सांडेल, कापड नीट करा."

आणि मग ते सटकलंच.

तेव्हा मुक्ता दहावीत होती. आधीचे काही दिवस मसाफीकडच्या डोंगरातले लोक सांगत होते की जमिनीतून आवाज येतात. कुणी म्हणे ज्वालामुखी आहे, कुणी म्हणे खाणीतला सुरुंग. तू मात्र शाळेत पोरांना रोज मैदानात पळवत होतीस आणि बाकीचे शिक्षक वैतागले होते. त्या दिवशी सकाळी मी भांडी पुसत होते. आधी वाटलं टँकर चाललाय खालून. मग खालचा आवाज वर आला, बादलीतलं पाणी फरशीवर उडालं, आणि सातव्या मजल्यावरचं माझं घर होडीसारखं झालं. शोकेस थरथरलं, पण जागचं हललं नाही. मी गाऊनवर, अनवाणी, जिन्यानं खाली पळाले. रस्त्यावर सगळे, इजिप्तच्या मिसरी बायका, मल्याळी नर्सेस, केसांना मेंदी लावलेली एक अरब म्हातारी. एक पठाण टॅक्सीवाला मला बघून थांबला. "बहनजी, पहाड हिल गया," म्हणाला आणि कुठे जायचं ते न विचारता दार उघडलं.

शाळेच्या मैदानात सगळी मुलं ओळीनं बसलेली. भिंतींपासून लांब, डोक्यावर दप्तरं. मधे तू, गळ्यात शिट्टी. एकही मूल रडत नव्हतं. मुक्ता पहिलीतल्या मुलांच्या ओळीशी उभी होती. मी धावत जाऊन तिला मिठी मारली तर ती कुजबुजली, "आई, आय ॲम फाइन. यू आर इन युअर गाऊन!"

मी तुझ्याकडे बघितलं. तुझ्या साडीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

इमारतीला दोन-तीन तडे गेले, एवढंच. मुलं घरी गेली. तेवढ्यात तुला त्या डोंगराकडच्या पोरांपैकी एकाचा फोन आला. मसाफीजवळ खडी फोडायच्या कामावर आपली संगमेश्वरकडची सात-आठ जणं होती, माझ्याच गणपतीला येणारी. त्यांच्या राहत्या खोलीची एक भिंत फुगली होती. अरबाबच्या, म्हणजे त्यांच्या मालकाच्या, माणसानं बघून सांगितलं होतं, काही होत नाही, आत जाऊन झोपा.

तू तुला न्यायला आलेल्या नवऱ्याला, दिलीपभाऊंना म्हणालीस, "ती खोली मी बघितलीय. गाडी काढा."

"मी पण येणार," मुक्ता म्हणाली.

मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मग मीही पिकअपमध्ये चढले. मला काही त्या पोरांना वाचवायचं नव्हतं, वैजू. माझी मुलगी तुझ्याबरोबर डोंगरात जाणार आणि मी घरी पाणी पुसत बसणार, हे मला सहन होणारं नव्हतं. निघताना मी तुझी शाळेत ठेवलेली जादाची साडी मागून घेतली होती, ती गाऊनवरूनच गुंडाळली. तीही तुझीच.

ती खोली बघितली आणि मला कळलं की तू फोनवर काही न विचारता का निघालीस. कुणा शेतमालकाचं जुनं घर होतं. दगडाच्या भिंती, मधे माती, वर खजुराचे ओंडके, आणि त्यावर हातभर मातीचा थर. श्रीमंत देशात, एसी गाड्यांच्या हायवेपासून हाकेच्या अंतरावर. तू दारात उभी राहून फक्त एवढंच म्हणालीस, "माळवद."

पोरांना तू बाहेर काढलंस. मुक्ताला पिकअपपाशी पाण्याच्या बाटल्या वाटायला उभं केलंस, "इथून हलायचं नाही," असं दटावून. जानू मात्र आत पडून होता. वयानं सगळ्यांत मोठा, पाठीत उसण भरलेली.

"जानूदादा, बाहेर या."

"वो बाय, काय व्हनार नाय. अरबाब म्हनला, पक्की हाय."

"अरबाब आत झोपायला येणार आहे का?" म्हणत तू आत गेलीस. आणि तुझ्या मागे मी. तू जिथे जायचीस तिथे मागोमाग जायची मला सवयच लागली होती.

दुसरा हादरा तेव्हा आला. आवाज आधी, पायाखालून. वरून माती गळायला लागली, चाळणीतून पीठ गळावं तशी. उसण भरलेला जानू आपल्या दोघींमधून असा सुटला की मला धक्काच लागला. मी वळले. तू वळली नाहीस. तू छताकडे बघत होतीस. मग हळूच खाली बसलीस, मांडी घालून, आणि कुणाला तरी हलवून उठवावं तसा हात जमिनीवर फिरवायला लागलीस.

"आई, ऊट की गं. ऊट की."

शाळाभर पोरांना पळायला शिकवणारी तू. मी तुझ्या दंडाला धरलं. तू जड झाली होतीस, पिठाच्या पोत्यासारखी. मी ओरडले, शिव्या दिल्या, अशा शिव्या की ज्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. आणि तुला फरफटत दाराबाहेर काढलं. मागे कोपरा खाली आला. ओंडका, माती, दगड, सगळं. धुळीचा लोट दारातून आपल्या अंगावर आला.

मुक्ता पळत आली. तिनं तुला मिठी मारली. "मावशी! मावशी!" मी शेजारीच होते. डोक्यापासून पायापर्यंत माती, हातात तुझ्या साडीचा फाटलेला पदर. तिनं तुझं तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, आर यू ओके?"

आय वॉज ओके.

सगळ्यांनी बाहेरून काय बघितलं? वैजाताई आत गेल्या, जानू बाहेर आला, मग भिंत पडली. म्हणजे वैजाताईंनी जानूला वाचवलं. ते खोटंही नव्हतं. तू भानावर नव्हतीस आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

आपण दोघी वाडीतल्या, म्हणजे तिथल्या कोरड्या ओढ्यातल्या, एका सपाट दगडावर बसलो. रस्त्यावर दरड आली होती. आणि बघता बघता सगळं आलं. पिवळी मशीनं, अँब्युलन्स, सिव्हिल डिफेन्सच्या गाड्या, वरून हेलिकॉप्टर. गणवेशातल्या एका पोरसवद्या अधिकाऱ्यानं आपल्याला ज्यूसचे डबे दिले. डोंगरातल्या घरांना तडे गेलेली माणसं तंबूत बसायलाही लागली. तू ते सगळं बघत होतीस. मग म्हणालीस,

"किती लवकर आले गं."

"हो ना. पैसा आहे."

"शुभे, माझा जीव जळायलाय."

मला वाटलं धूळ घशात गेली. मी पाणी पुढे केलं.

"तसं नाही. हितं चार भिंती पडल्या, माणूस एकबी मेलं नाही, आणि बघ की. माझ्या भावानं हातानं माती उपसली गं. वरून पाऊस. फावडंसुद्धा शेजारच्याचं मागून आणलं. त्याला आईची बांगडी आधी दिसली." तू ज्यूसचा डबा तसाच धरून बसली होतीस. "वाईट वाटायला पाहिजे ना, ह्या लोकांचं? मला वाईट वाटंना. मला हेवा वाटायलाय. ह्या डोंगराचा."

इतकी वर्षं तुझ्या शेजारी राहून मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही माझी मैत्रीण आहे. हेवा म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तुझा दंड धरला. मघाशी जिथे धरला होता तिथेच, तू कळवळलीस. तिथे काळंनिळं झालं होतं.

पुढे मंडळानं तुझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, जानूच्या हस्ते. जानू स्टेजवर रडला. तू माइकसमोर उभी राहिलीस आणि समोरच्या रांगेत माझ्याकडे बघितलंस. "मला एक सांगायचंय," म्हणालीस. मला कळलं तू काय सांगणार आहेस. मी डोळे वटारले आणि मान हलवली. तू थांबलीस. "एवढंच सांगायचंय, कपाटं बांधून घ्या," म्हणून खाली बसलीस.

त्या दिवशी तू मला जिन्यात गाठलंस. "का थांबवलंस?"

मी म्हणाले, "असू दे."

लोकांना वाटलं असतं मी मोठ्या मनाची. तुला खरं सांगते, आज सांगते. तू माइकवर ते बोलली असतीस तर आणखीच मोठी झाली असतीस. 'बघा, स्वतःच्या भीतीबद्दल किती मोकळेपणानं बोलल्या,' असं बायका म्हणाल्या असत्या, आणि माझ्यासाठी एक टाळी वाजवून घरी गेल्या असत्या. त्यापेक्षा ती गोष्ट माझ्याकडे राहिलेली बरी. तुझ्यापेक्षा वरचढ अशी माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. मी ती कुणाला दाखवली नाही, पण मला माहीत होतं की ती आहे.

आपलं भांडण मात्र राहिलं. सरकारनं डोंगरातल्या लोकांना घरं दुरुस्त करून दिली, डोंगरात मोजायची यंत्रं बसवणार म्हणून बातम्या आल्या, नव्या बिल्डिंगचे नियम कडक होणार म्हणून श्रीकांतच्या ऑफिसात मीटिंगा झाल्या. जानूच्या लोकांनाही पोर्टाकॅबिन मिळाली. मी म्हणायचे, "बघ, याला म्हणतात देश." तू म्हणायचीस, "देश श्रीमंत असंल. जानू कुठं त्या देशात राहत होता? तो माझ्या गावातच राहत होता. भिंत पडली म्हणून त्याला हितं यायला मिळालं." मी म्हणायचे, "पण मशीन तर त्याच्यासाठीही आलं ना? तुझ्या गावाला नाही आलं." आणि तू नुसती हसायचीस, पण हरल्यासारखी नाही. चहा करताना, भाजी निवडताना, तू पुण्याला ट्रीटमेंटसाठी गेल्यावर फोनवरसुद्धा, आपण यावर भांडलो. शेवटच्या फोनमध्ये मी म्हणाले, "तू बरी हो, मग तुला पटवून देते." तू म्हणालीस, "इन्शाल्ला." मला अजूनही वाटतं, निम्मं माझं बरोबर होतं. निम्मं तुझं. मार्क मात्र सगळे तुलाच.

मुक्ता इंजिनिअरिंगला पुण्यालाच गेली. बिल्डिंगा का पडतात ते शिकायचंय म्हणाली. कुणामुळे, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तू हॉस्पिटलमध्ये आणि ती रोज कॉलेज सुटलं की तुझ्याकडे. तुझे मुलगे येऊन जाऊन असायचे, ही मात्र ठाण मांडून. मी इथे. व्हिसाचं काम अडकलं, श्रीकांतला रजा नाही, नुसती कारणं. तिचा फोन आला की मी तुझी तब्येत विचारायचे, आणि ती जेवली का ते विचारायचं राहून जायचं.

तू गेल्याच्या त्या फोनवर रडून झाल्यावर ती म्हणाली, "आई, मावशीनं मला त्या खोलीतलं सांगितलं."

"कुठल्या?"

"मसाफीच्या. ती आत बसून राहिली होती आणि तू तिला ओढून काढलंस ते. तू कसल्या शिव्या दिल्यास तेसुद्धा. आई, तू का नाही कधी सांगितलंस?"

वैजू, तुला राहवलं नाही ना? माझ्याकडची तेवढी एक वस्तू, तीसुद्धा तू माझ्या हातून घेऊन माझ्याच मुलीला देऊन टाकलीस. माझी होती ती. द्यायची तर मी दिली असती, म्हातारपणी, एखाद्या चांगल्या दिवशी. तू त्यातही पुढे. आणि इतक्या छान दिलीस की मला धड रागावताही येईना. मुक्ता म्हणाली, "मावशी म्हणाली, तुझ्या आईनं मला माझ्या आईपासून सोडवून आणलं." मग ती परत रडायला लागली. मीही.

तिला आता सुट्टी लागलीय. ती आली आहे. बारीक झालीय. तुझ्या घराला दिलीपभाऊंचं कुलूप आहे, तरी पहिल्या दिवशी ती एक मजला आधीच लिफ्टमधून उतरली आणि मग जिन्यानं वर आली.

काल दुपारी आम्ही तिच्या खोलीत वाळलेले कपडे घडी करत होतो. ती चादरीचं एक टोक धरून, मी दुसरं. तेवढ्यात आलं. लहानसंच होतं, वैजू, तू म्हणाली असतीस की हे तर नुसतं कूस बदलणं. खिडकीची काच वाजली, दिवा हलला. आम्ही दोघी तिच्या अभ्यासाच्या टेबलाखाली शिरलो, तू शिकवलं होतंस तसंच, एक हात मानेवर. चादर आमच्याबरोबर आत आली. इंजिनिअरिंगला गेलेली एवढी मोठी मुलगी आणि गुडघे दुखणारी मी, दोघी त्या एवढ्याशा जागेत. तिनं माझा हात घट्ट पकडला. डोळे मिटलेले. आणि तिच्या तोंडून निघालं, "मावशी."

मी नीट ऐकलं. बोटं माझी होती, नखं रुतत होती ती माझ्या तळव्यात. पोटात ती कळ आली, जशी इतकी वर्षं येत आली तशीच, काही कमी नाही.

दिवा हलायचा थांबला. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं. मुक्तानं डोळे उघडले नाहीत. परत म्हणाली, "मावशी?" या वेळी विचारल्यासारखं.

मी तिला जवळ ओढलं.

"आहे गं," मी म्हणाले. "इथंच आहे बग."

हाक तुझ्या नावाची होती, वैजू. ओ मी दिली.